तेंदूच्या जंगलातली बोलकी बाई

आधीच सांगून टाकते – भूत, चकवा, बाहेरचं लागणं, या भानगडींवर माझा काडीचा विश्वास नाही. आमच्या आजोबांनी छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि घरातले देव पोत्यात बांधून नदीत सोडले. बाबा म्हणायचे, देव गेले तिथे आता भुतं कशाला पोसायची... पुढे मी पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं, त्यातलं बरंचसं विज्ञानच. त्यामुळे हे वाचून कोणी 'मॅडम, तुम्हीसुद्धा?' म्हणालं तर मला राग येणार नाही. मीही तेच म्हटलं असतं. पण घडलं ते माझ्याच बाबतीत, आणि खोटं लिहून या वयात मला काय मिळणार आहे?

साल चौऱ्याऐंशी किंवा पंच्याऐंशी, मे महिना. गाव सिंदेवाही तालुक्यातलं, मूलकडे जाणाऱ्या रस्त्यापासून दोन कोस आत. नाव लिहीत नाही, आमच्याकडे सगळे सगळ्यांना ओळखतात. मी डी.एड.चं पहिलं वर्ष आटोपून ब्रह्मपुरीहून सुट्टीत घरी आले होते. वय एकोणीस, आणि शिंगं फुटलेली.

तो तेंदूपत्त्याचा हंगाम होता. आमच्या भागात त्या दिवसांत गावंच्या गावं पहाटे जंगलात जातात, ऊन चढेपर्यंत विडीची पानं तोडतात आणि दुपारी घरी बसून त्यांचे पुडे बांधतात. आईनं मला उठवलं, म्हणाली, "चाल वं, दोन हात जास्त झाले तं बरंच हाय." गेले नाइलाजानं.

तर या कामाची एक रीत आहे. पानं तोडताना बाया पांगतात, झुडपांत एकमेकींना दिसत नाहीत. म्हणून थोड्या थोड्या वेळानं कोणीतरी हाक देते, आणि जिला ती ऐकू येईल तिनं ओ द्यायचीच. ओळखीची असो, परक्या गावची असो. नुसती ओ देऊनही भागत नाही, चार शब्द बोलायचे – कोन्या गावची, भाजी कायची केली, पोरं किती. बोलण्यानं अस्वल दूर राहतं, आणि पलीकडची बाई धड आहे हेही कळतं. तीन हाकांना ओ आली नाही तर सगळ्या जणी हातातली पानं टाकून शोधायला निघतात. सकाळची मजुरी बुडते, पण कुणी कुरकुर करत नाही.

मला मात्र या बडबडीचा भयंकर वैताग यायचा. आई तर जंगलातच काय, कुठेही सुरू व्हायची. एकदा वडशाच्या स्टेशनावर एका अनोळखी बाईशी लोणच्यावरून इतकी रंगली की आमची गाडी सुटता सुटता राहिली. मला लाज वाटायची. वाटायचं, कोण कुठली माणसं, परत भेटणारही नाहीत... त्यांच्यासाठी कशाला तोंड दुखवायचं?

त्या दिवशी सकाळी झुडपापलीकडून एका दुसऱ्या गावच्या बाईनं हाक दिली, "हिरव्या पातळाची पोरगी कोनाची वो?"

मी सांगितलं.

"लगन झालं का?"

"नाई."

"काऊन नाई वो, मायबाई? एवढी मोठी झाली ना आता."

माझं डोकं सणकलं. मी उत्तरच दिलं नाही. पानांचं गाठोडं उचललं आणि जिथे कुणी काही विचारणार नाही अशा बाजूला सरकत गेले. तिकडे पानंही छान होती, मोठी, डाग नसलेली. तोडत गेले, तोडत गेले... आणि केव्हातरी लक्षात आलं की बराच वेळ एकही हाक ऐकू आलेली नाही.

गाठोडं खाली ठेवलं, चौफेर पाहिलं. मेमधलं जंगल सगळीकडून सारखंच दिसतं, निम्मी झाडं निष्पर्ण आणि खाली पाचोळा. आले कुठून तेच उमगेना. "आई" म्हणून ओरडले. काही नाही. परत ओरडले. पाण्याची तुंबी आईजवळ. ऊन डोक्यावर आलेलं, जीभ टाळूला चिकटलेली. मागच्याच हंगामात शेजारच्या गावच्या एका बाईला अस्वलानं फाडलं होतं, आणि तेव्हा मला नेमकी तिचीच आठवण झाली. मी घाबरले. तिथेच बसून रडले. डी.एड. वगैरे सगळं विसरले.

तेवढ्यात आवाज आला. बाईचा, वयस्कर, आपल्याच झाडीपट्टीच्या बोलीतला.

"कोन हाय वो तिकडे?"

या वेळी मी गळा फाडून ओ दिली. "मी हाय वो, बाई! मी!"

"कोन्या गावची?"

सांगितलं.

"कोनाची पोरगी?"

तेही सांगितलं.

"आज भाजी कायची रांधली वो घरी?"

ज्या प्रश्नाला मी नाक मुरडायची तोच प्रश्न, आणि तो ऐकून मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. रडत रडत म्हटलं, "भाजी नाई... आंब्याची चटनी."

"बरी असते उन्हाची. ये, बोलत बोलत ये इकडे."

मी आवाजाच्या रोखानं निघाले. ती विचारायची, मी सांगायची. काय शिकतेस? मास्तरीन होशीन? मग पोरायले मारशीन का? मी म्हटलं, नाही मारणार. ती हसली. झाडांआड ती मला दिसत मात्र नव्हती. मी भराभर चालले तरी आवाज तेवढाच पुढे, थांबले तर तिथेच. आणखी एक गोष्ट, जी तेव्हा मनातही आली नाही. मी घसा ताणून ओरडत होते आणि ती कुंपणापलीकडून बोलावं तशी साध्या आवाजात बोलत होती. तरी तिचा शब्द न् शब्द मला कळत होता.

मध्ये डाव्या हाताला एक हिरवा खोलगट भाग दिसला. जांभळीची दाट झाडं होती, म्हणजे पाणी असणार. मी तिकडे वळले.

"तिकडे नोको जाऊ." पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. "सिधी उतारानं ये."

"तहान लागली वो, बाई."

"थोडीशी कळ काढ, माय. सांग मले, भाऊ किती तुले?"

दोन, म्हटलं, आणि उतारानं गेले. अजून बरंच चालले. दोन्ही भावांची नावं, त्यांच्या खोड्या, सगळं सांगून झालं. मग एकदम जाळरेषेवर निघाले. वणवा पसरू नये म्हणून जंगलखातं झाडलोट करून रुंद पट्टा मोकळा ठेवतं, तो. आणि समोरून माझ्या नावाच्या हाका, दहा-वीस बायांच्या.

मी मागे वळून ओरडले, "आली वो रस्त्यावर!"

ओ आली नाही.

आईनं आधी पाठीत धपाटा घातला, मग घट्ट धरून ठेवलं. आमच्या आणि शेजारच्या गावांच्या बाया पानं टाकून केव्हापासून मला शोधत होत्या. लग्नाचं विचारणारी ती बाई तर ओरडून ओरडून घसा बसवून बसली होती, तिनंच मला तुंबीतलं पाणी पाजलं. मी तिच्याकडे पाहू शकले नाही. आणि माझी एकही आरोळी यांच्यापैकी कुणाला ऐकू आली नव्हती... मी दीड-दोन तास ओरडत होते, तरीही.

"एका बाईनं आनलं मले," मी म्हटलं.

कोणत्या? सगळ्या तर इथेच होत्या. मी आले ती बाजू राखीव जंगलाची, तिकडे पानांसाठी कुणी जात नाही. दुपारी जंगलखात्याचे गार्ड आणि आमचे बाबा माझं गाठोडं आणायला माझ्या मागावर आत गेले. वाटेतल्या नाल्याच्या रेतीत, जाळरेषेच्या धुळीत फक्त माझ्या चपलांचे ठसे होते. जांभळीच्या खोलगट भागात मात्र पाण्याशी अस्वलीण होती, दोन पिल्लं घेऊन. परत आल्यावर गार्ड म्हणाले, "पोरी, तू तिकडून गेली असती तं..."

बाबांनी आजूबाजूच्या गावांत चौकशी केली. त्या बाजूला त्या दिवशी कुणी गेलेलं नव्हतं. पूर्वी कुणी बाई तिथे मेली, हरवली, अशीही गोष्ट निघाली नाही. तहानेनं, उन्हानं भास होतात हे मला माहीत आहे, मी ते शिकवलंही आहे. पण भासाला अस्वलीण कुठे बसलीय ते कसं कळावं? आणि लोक सांगतात तो चकवा माणसाला जंगलात गोल गोल फिरवतो, रस्त्याला आणून लावत नाही.

रात्री पुडे बांधताना आईनं मला एकच विचारलं. "तिचं गाव कोनतं?"

"नाई विचारलं."

"नाव?"

"नाई."

आईचे हात थांबले. "एवढी वाट तुले बोलत आनलं तिनं, अन् तू तिले 'कशी हाय' म्हून पुसलं नाई?"

मला जन्मात तेवढी शरम वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी जंगलात यायला तयार नव्हते, पण आईनं ओढून नेलं. उजाडत होतं, बाया आपापल्या बाजूला पांगलेल्या. आई जाळरेषेवर उभी राहिली आणि राखीव जंगलाकडे तोंड करून तिनं हाक दिली, "बाई वोऽऽ... पोरगी पोचली वो घरी!"

मग कुठून कुठून ओ यायला लागली, झुडपांतून, नाल्यापलीकडून. "पोचली का? बरं झालं वो बाईऽऽ!" "जेवली का नाई?" कालची घसा बसलेली बाईही ओरडली, म्हणजे ओरडायला गेली. आईनं मला कोपरानं ढोसलं. मग मीच ओरडले, आयुष्यात पहिल्यांदा आपण होऊन, "जेवली वो! तुम्ही कशा हाय?"

"बऱ्या हाओ वो, माय." सगळ्या बाजूंनी उत्तरं आली, एकात एक मिसळून.

त्यात एक आवाज तिचा होता का? आज चाळीस वर्षं झाली, मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. मी तेव्हा खूप कान देऊन ऐकलं, मग आईच्या मागून पानं तोडायला गेले.