शमशोन तळकरांचा क्रॉसमेंबर

शमशोन तळकर यांची आणि माझी ओळख आवाजामुळे झाली. नेगेवच्या वाळवंटातील येरुहाम गावात आम्ही एकाच इमारतीत राहत होतो. ते तळमजल्यावर आणि मी बरोबर त्यांच्या डोक्यावर. त्यांची पत्नी रुबी हयात होती तोपर्यंत माझे बोलणे तिच्याशीच होई. ती वारल्यावर खालच्या घरातून फारसा आवाज येईनासा झाला. मग एके दिवशी सकाळी अंगणात लोखंड कापण्याचा कर्कश आवाज सुरू झाला आणि माझ्या फळीवरील बशा थरथरू लागल्या. मी तक्रार करण्यासाठी खाली उतरले.

"शमशोनभाऊ, माझ्या बशा फुटतील की!"

"फुटल्या तर माझ्या घेऊन जा, मलकाबाई. मला एकच लागते."

यावर पुढे भांडता येईना. जे मी त्यानंतर स्वतः पाहिले अथवा ऐकले, तेवढेच येथे लिहीत आहे.

अंगणात एक जुना पिकअप ट्रक ठोकळ्यांवर उभा होता. तो त्यांचा एकुलता मुलगा ओम्री याचा. ओम्री किर्यात गात येथे कारखान्यात नोकरी करीत असे व तेथेच एकटा राहत असे. नेगेवच्या दगडधोंड्यांतून, जेथे रस्ता नाही तेथून गाडी नेण्याचा त्याला नाद होता. त्याने भंगारातून एक दणकट गिअरबॉक्स आणून गाडीत बसविला होता, परंतु तो जुन्याहून लांब निघाला. गिअरबॉक्सला खालून पेलणारा एक आडवा लोखंडी भाग असतो. कामगार त्याला क्रॉसमेंबर म्हणतात. जुना क्रॉसमेंबर आता वीतभर पुढे राहिला होता आणि दुकानात मिळणारा कोणताही तेथे बसत नव्हता. ओम्रीने मित्राच्या गाडीला बांधून ट्रक वडिलांच्या अंगणात ओढत आणला. शमशोनभाऊंनी मुंबईस रेल्वेच्या कारखान्यात आणि येथे आल्यावरही जन्मभर वेल्डिंग केले होते. नवा क्रॉसमेंबर तेच घडविणार होते, आणि तोपर्यंत गाडी हलणार नव्हती.

पूर्वी गाडी चालू असताना ओम्री सणापुरता येई, चहा पिई आणि बोटात किल्ली फिरवीत निघून जाई. आता तो दर शुक्रवारी दुपारी बसने येऊ लागला. आमच्याकडे शुक्रवारी सूर्यास्ताला शब्बाथ, म्हणजे आम्हा ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, लागतो आणि त्यापूर्वीच बसगाड्या बंद होतात. काम करता करता शेवटची बस निघून जाई, आणि मग शनिवारच्या संध्याकाळपर्यंत त्याला वडिलांकडे राहणे भागच पडे.

शुक्रवारी दिवे लागल्यावर शमशोनभाऊ किद्दूश ही शब्बाथची प्रार्थना म्हणत. रुबी करीत असे तसेच काळ्या किसमिसचे शरबत ते स्वतः करीत आणि त्यावर आशीर्वाद म्हणत. आशीर्वाद म्हणणाऱ्याने स्वतः आमेन म्हणावयाचे नसते; ते ऐकणाऱ्याने म्हणावयाचे असते. रुबी गेल्यापासून किद्दूश संपला की खाली शांतता होई. आता त्या जागी ओम्रीचा जाड आवाज ऐकू येऊ लागला.

काम असे चाले. प्रथम पुठ्ठ्याचा नमुना कापला. त्याप्रमाणे जाड चौकोनी नळी कापून, मध्ये थोडी उंच ठेवून तिला वेल्डिंगचे टाके घातले. मग ती गाडीखाली लावून पाहावयाची. त्या वेळी दोन माणसे लागत. एकाने वरून पान्याने नट धरावयाचा आणि दुसऱ्याने खाली उताणे पडून बोल्ट फिरवावयाचा. शमशोनभाऊ खाली असत, ओम्री वर. वडील मराठीत बोलत, मुलगा हिब्रूत उत्तर देई.

"आबा, हा काय रेल्वेचा पूल बांधतोस?"

"तू जातोस तिथं रस्ता नाही. निदान पूल असू दे."

"आणि पुरा कधी होणार? मशीहा आल्यावर?"

"आला तर त्यालाही मागे बसव. नट सोडू नको."

क्रॉसमेंबर बसला. मी अंगणात जाऊन वाकून पाहिले, तो व्यवस्थित बसला होता. तरीही पुढल्या शुक्रवारी ओम्रीकडून नट धरवून शमशोनभाऊंनी तो काढला आणि मधोमध कापला. मी विचारले तेव्हा म्हणाले, "अर्धं बोट खाली येतोय. दगड लागेल." त्यानंतरच्या आठवड्यात पुन्हा कापला, धुराचा पाइप घासतो, असे कारण झाले. तिसऱ्या वेळी मात्र मी बोलले.

"शमशोनभाऊ, तुम्ही हे मुद्दाम करता."

त्यांनी ग्राइंडर खाली ठेवला, हात पुसले आणि म्हणाले, "या शुक्रवारी शरबत जास्त करतोय. तुम्हाला वर पाठवू थोडं?"

सुक्कोथचा सण जवळ आला. ओम्रीने अंगणातील नळावर हात धुताना सांगितले की सणाच्या सुट्टीत तो मख्तेशमध्ये, म्हणजे आमच्या गावाजवळील त्या प्रचंड खोलगट दरीत, गाडी घेऊन उतरणार आहे.

"पुढच्या शुक्रवारी झालं नाही, आबा, तर बेर्शेबाच्या गॅरेजमध्ये देतो. बेसेदेर? ठीक आहे ना?"

"बरोबर कोण आहे?"

"कोणी नाही. एकटाच."

"आणि खाली काही तुटलं तर? बोल्ट खोलायचे झाले तर वरून नट कोण धरणार?"

"तू थोडाच असणार तिथे," ओम्री म्हणाला. तो रागाने बोलला नाही. साबण शोधत सहज बोलला.

त्या आठवड्यात शमशोनभाऊंनी काही दोष काढला नाही. त्यांनी क्रॉसमेंबर पुन्हा नव्याने केला. दोन्ही टोकांच्या आधारपट्ट्या चासीला कायमच्या बसविल्या आणि मधला भाग सुटा ठेवला. सर्व बोल्ट एकाच मापाचे घेतले, म्हणजे एकच पाना पुरावा. आणि सगळे नट त्यांनी पट्ट्यांना आतल्या बाजूने वेल्ड करून टाकले.

मी चहा घेऊन खाली गेले तेव्हा ते मला म्हणाले, "हे बघा, नट आता जागच्या जागी पक्के. धरायला दुसरा माणूस नको."

मग ते गाडीखाली गेले, गिअरबॉक्सला जॅक लावला, आणि एकट्याने तो भाग खोलून पुन्हा बसवून पाहिला. बाहेर आले तेव्हा त्यांच्या पाठीला माती लागली होती. त्यांचा हात तेथवर पोहोचत नव्हता. ती तशीच राहिली.

शुक्रवारी ओम्री आला आणि पाहण्यासाठी म्हणून स्वतःच गाडीखाली शिरला.

"आबा, वरून पाना धर."

"नको धरायला. फिरव."

"अरे, नट फिरेल ना बरोबर!"

"नाही फिरणार. तू फिरव."

थोडा वेळ फक्त पान्याचा आवाज आला. मग ओम्री हसत बाहेर आला आणि त्याने वडिलांच्या टकलाचा मुका घेतला. "आबा, हा तर एकट्याने निघतो!"

"हो. त्यासाठीच केला."

ओम्रीने वर ऊन पाहिले. अजून उजेड आहे, शब्बाथपूर्वी घरी पोहोचेन, असे तो म्हणाला. त्याने माझ्या बाल्कनीकडे हात केला, "शब्बात शालोम" म्हणाला आणि गाडी काढली. अंगणात ठोकळे तेवढे राहिले. शमशोनभाऊंनी ते एक एक उचलून भिंतीशी रचले.

त्या संध्याकाळी किद्दूश झाला. नंतर काही ऐकू आले नाही.

सुक्कोथनंतर ओम्री मख्तेशमधून सुखरूप परतल्याचा फोन आला, हे त्यांनीच मला सांगितले. क्रॉसमेंबरला काही झाले नाही, त्यामुळे तो खोलण्याची वेळच आली नव्हती. "मजबूत झालाय," ते म्हणाले. ओम्री पुन्हा सणापुरता येऊ लागला, गाडीने.

हिवाळा सुरू झाल्यावर एका गुरुवारी माझे दार वाजले. शमशोनभाऊ उभे होते. इतक्या वर्षांत ते जिना चढून प्रथमच वर आले होते. मी आत बोलावले, परंतु ते उंबऱ्यापाशीच थांबले.

"मलकाबाई, माझा किद्दूश वर ऐकू येतो ना?"

"येतो की. दर शुक्रवारी येतो."

"मग उद्यापासून मी दार उघडं ठेवीन. तुम्ही वरूनच आमेन म्हणा."