बावीस पावलं, उगवतीला

दोन हजार चोवीस साल. उन्हाळा निम्मा सरला होता आणि मला चौऱ्याहत्तरावं लागलं होतं. शाळा म्हणाल तर तिसरी, तीही अर्धी. पण बोअरच्या गाडीवर मी बत्तीस वर्षं काढली. अंबडपासून शहागडपर्यंत कोणाच्या रानात किती होल मारले, ते मला माहीत. आता सगळं माहीत नाही, पण तेव्हा मी तसं कोणाला म्हणू देत नव्हतो.

गाडीवर असताना मी वही ठेवायचो. रान कोणाचं, मुरूम किती फुटापर्यंत, काळा दगड कुठवर, लाल थर कधी आला, पाणी लागलं का कोरडा गेला. आणि जागा. जागा मी पावलांनी मोजायचो. टेप धरणाऱ्या लोकांना हसायचो. माझं पाऊल अडीच फुटाचं, ना इंच इकडं ना तिकडं, हे सगळ्या गाडीवाल्यांना ठाऊक होतं. ते मला म्हणायचे, "वही लिहून कलेक्टर व्हायलास का बे?" म्हणू दे म्हणलं. मी लिहीत राहिलो. अकरा वह्या झाल्या.

मग गावातल्या शाळेचे गुरुजी आमच्या समोरच्या खोलीत भाड्यानं राहायला आले. त्यांनी शाळेतून मोडीत निघालेला एक कॉम्प्युटर आणून आमच्याकडं बसवला. त्यात विंडोजच्या जागी लिनक्स टाकलं. म्हणाले, हे फुकट असतं, आणि जुन्या मशीनवर पळतं. माझ्या सुनेनं दोन पावसाळे बसून, मी वाचायचो तसतसं सगळं त्यात उतरवलं. माझं अक्षर मलाच वाचता येतं, म्हणून मी वाचायचो. शेवटची वही संपली त्या दिवशी मी अकराच्या अकरा वह्या पाणी तापवायच्या बंबात घातल्या.

सून म्हणाली, "मामा, राहू द्या की. त्या काय खायला मागतेत?"

मी म्हणालो, "दोन जागी ठेवायचं तर मशीन कशाला आणली?"

गुरुजी म्हणाले, एक नक्कल वेगळी काढून ठेवू. तेही मी होऊ दिलं नाही. आज नक्कल काढली की उद्या ती दुसऱ्या गाडीवाल्याच्या मोबाइलात जाणार, असं मला वाटायचं. माझ्या जागा माझ्याच घरात राहाव्यात. पुढं गुरुजींची बदली भोकरदनला झाली. जाताना त्यांनी एक पेन ड्राइव्ह सुनेच्या हातात दिला. मशीन कधी उठलीच नाही तर यानं उठवायची, म्हणाले. सुनेनं तो कुंकवाच्या डब्यात ठेवला.

माझी धाकटी बहीण दोन शिवा पलीकडच्या गावात राहते. नवरा गेल्यापासून मोसंबीची दोनशे झाडं तीच सांभाळते. त्या उन्हाळ्यात तिच्या विहिरीनं तळ दाखवला आणि झाडांची पानं मुडपायला लागली. वीस वर्षांपूर्वी तिथं मीच तीन होल मारले होते. दोन कोरडे गेले. तिसऱ्याला पाणी लागलं, पण कडा ढासळून होल बुजला. मग पाऊसकाळ चांगले झाले, विहिरीचं पाणी पुरलं, आणि त्या होलाकडं कोणी बघितलं नाही. त्याच्या बाजूला हातभर सोडून मारलं तर पाणी लागणार, हे मी वीस वर्षं सांगत आलोय.

बहीण म्हणाली, "दादा, एकच होल मारायची ऐपत हाय माझी. तू बोट ठिवशील तिथं."

मी म्हणालो, "ठेवतो की."

पण महिन्याआधी मी तिच्या रानात उभा राहिलो तेव्हा मला ती जागा आठवली नाही. बांध सरकला होता, लिंब तोडला होता. मी नुसता मान हलवत फिरलो आणि घरी आलो. मशीनमध्ये आहेच, म्हणून गप्प बसलो.

आता पिन ओढल्याची गोष्ट. आमच्याकडं थ्री फेज पाळीनं येते. फेज बदलताना लाइट एकदम चढते. एकदा त्यात टीव्ही आणि दोन बल्ब उडाले. तेव्हापासून लाइट थरथरली की घरातल्या प्लगच्या पिना ओढायच्या, ही माझी सवय. त्या दुपारी सुनेनं कॉम्प्युटर लावला होता आणि ती पाणी भरायला निघाली होती. जाताना म्हणाली, "मामा, त्याला हात लावू नका. ते आतलं सामान बदलून घेऊन राह्यलं, अपडेट म्हणतेत त्याला. मधी बंद करायचं न्हाई."

बल्ब थरथरला. मी उठलो आणि पिन ओढली. मला वाटलं, मी मशीन वाचवली.

त्यानंतर ती उठली नाही. काळा पडदा, त्यावर पांढऱ्या ओळी, आणि खाली एक रेघ नुसती उघडझाप करत राहिली. सुनेनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "लाइट गेल्ती." दिवे लागायच्या वेळेला बहिणीचा फोन आला, गाडी परवा सकाळी सातला येते म्हणून. मुलगा ट्रक घेऊन लांब गेलेला. मी म्हणालो, येतो.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं तो मशीनचा डबा गोणीत घालून अंबडला नेला. मांडीवर घेऊन बसलो तर पायाला मुंग्या आल्या. कॉम्प्युटरच्या दुकानदारानं चालू करून बघितलं आणि म्हणाला, "बाबा, हे आपल्याकडचं न्हाई. फॉरमॅट मारून दुसरं टाकून देतो. संध्याकाळी घेऊन जा."

"फॉरमॅट म्हंजे?"

"म्हंजे पाटी कोरी."

"आत माझं लिखाण हाय."

"ते जाईल. कशाचं लिखाण, बाबा? आत्मचरित्र का?"

मी डबा परत गोणीत घातला. उतरत्या उन्हात फाट्यापासून घरापर्यंत तो खांद्यावर आणला. दोनदा खाली ठेवला. आधी मी असं काही खाली ठेवत नव्हतो.

सुनेनं मला न विचारता गुरुजींना फोन लावला होता. फोन मोठ्या आवाजावर ठेवून माझ्या हातात दिला. गुरुजी म्हणाले, "काका, आधी पाणी प्या. मंग सांगा, हे बंद कसं पडलं?"

मी म्हणालो, "लाइट जाऊन येऊन करती. आठ दिसांपासून असंच करून राह्यलंय ते. आपोआप बंद पडतं."

हे आठ दिवस मी आत्ताच काढले होते. एकदा लाइट म्हणल्यावर मला मागं येता येईना.

गुरुजींचा आवाज बदलला. "आठ दिवसांपासून? आपोआप? मग काका, त्याला हात लावू नका. डिस्कच मरायला लागली असंल. अशी डिस्क जितकी चालवाल तितकी जाते. ती खोलून संभाजीनगरला पाठवू, तिथं काढून देतील. आठ-दहा दिवस लागतील."

मी भिंतीला टेकलो. गाडी उद्या सातला. सून चुलीपाशी भांडं घासत होती. तिनं घासणं थांबवलं. ती बोलली असती तर मी तिच्यावर खेकसलो असतो आणि गोष्ट तिथंच संपली असती. ती बोलली नाही, म्हणून मला बोलावं लागलं.

"गुरुजी," मी म्हणालो, "डिस्क बराबर हाय. पिन मी ओढली. सून न्हाई म्हणून गेल्ती, तरी ओढली. एकदाच. काल."

गुरुजी हसायला लागले. "काका, तेवढं आधी सांगायचं की हो! मग मशीन चांगली हाय. काम अर्धवट राह्यलंय फक्त. वहिनी, तो पेन ड्राइव्ह आणा."

सून कुंकवाचा डबा घेऊन आली. पेन ड्राइव्ह लाल झाला होता. पदरानं पुसून तिनं तो मशीनच्या मागं खोचला. गुरुजी सांगत गेले, चालू करताना एफ बाराचं बटण दाबत राहायचं, मग यादीतून पेन ड्राइव्ह निवडायचा. आणि पडदा उजळला. मला वाटलं झालं. गुरुजी म्हणाले, न्हाई, हे पेन ड्राइव्हवर चाललंय. तुमची डिस्क अजून झोपलेली हाय. आधी आपण तिच्यातलं लिखाण बाहेर काढू. दुरुस्ती मंग.

हे मला पटलं. होलात रॉड अडकले की आम्हीही आधी रॉड बाहेर काढायचो, होलाचा विचार मागून. मी तसं म्हणालो. "बिलकुल तसंच," गुरुजी म्हणाले.

डिस्क उघडेना. ती तपासून घ्यायला हवी होती. गुरुजी एकेक अक्षर सांगायचे, सून शोधून दाबायची. पण एंटर मी दाबणार, असं मी सांगून ठेवलं. मशीन दर ओळीला विचारायची, हे नीट करू का? होय म्हणायला वाय दाबायचा. मी वाय दाबत गेलो. तीस-चाळीस वेळा दाबल्यावर बोट दुखायला लागलं. गुरुजींनी विचारलं, "काय चाललंय?" सून म्हणाली, "मामा होय म्हणून राह्यलेत."

"अहो, सगळ्यांना एकदाच होय म्हणता येतं!"

"मंग आधी सांगायचं की हो," मी म्हणालो. सून तोंड फिरवून हसली.

डिस्क उघडली. फाइल होती तिथंच होती. सुनेनं बहिणीच्या गावाचं नाव शोधलं आणि वाचलं: थारोळ्याच्या दगडापासून बावीस पावलं, उगवतीला. मुरूम अठरा, काळा एकशे नव्वद, लाल दोनशे तीस, पाणी दोनशे चाळीस, ढासळला. थारोळं म्हणजे विहिरीवरचं मोटेचं पाणी पडायचं ते दगडी कुंड. ते अजून तिथंच आहे. मी सुनेला ते कागदावर उतरवायला लावलं.

गुरुजींनी विचारलं, "काका, एक नक्कल माझ्याकडं घेऊ का?"

"घ्या," मी म्हणालो. भांडायला अंगात काही राहिलं नव्हतं.

मग राहिलेलं काम पुरं करायला मशीनला सांगितलं. ओळी पळायला लागल्या. तास लागंल, गुरुजी म्हणाले. अर्ध्यात बल्ब थरथरला. सुनेनं माझ्याकडं बघितलं. मी दोन्ही हात मांडीखाली घालून बसलो. बल्ब चढला, उतरला, राहिला. मशीनही राहिली. ऊन भिंतीवरून गेलं तेव्हा पेन ड्राइव्ह काढून तिला परत चालू केलं, आणि ती आपल्या पायांवर उठली. सून म्हणाली, "मामा, आता बंद करायचं तर मी सांगते तसं करा." मी तिनं सांगितलं तसं केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शहागडच्या रस्त्यावर एका दुकानातून मी जाड पुठ्ठ्याची वही घेतली आणि बहिणीच्या रानात गेलो. गाडी येऊन उभी होती. मी थारोळ्याच्या दगडाला टाच लावली आणि बावीस पावलं चाललो. थांबून मागं बघितलं तर दगड फार जवळ दिसला. मी परत चाललो. परत तेवढंच. पाऊल माझं लहान झालं होतं. बहीण बघत होती, गाडीवाला बघत होता.

मी गाडीवाल्याला म्हणालो, "टेप हाय का?"

बावीस गुणिले अडीच, पंचावन्न. ढासळलेल्या होलापासून हातभर म्हणून अजून दोन फूट सोडले. टेपचं एक टोक मी धरलं, दुसरं बहिणीनं. तिथं चुन्याचा गोल काढला. नारळ तिनं फोडला. मी बांधावर बसलो आणि रॉड मोजत गेलो. दोनशे अडतीसला पांढरी धूळ उडायची थांबली आणि चिखल उडाला. बहीण रडायला लागली. मी उठलो नाही. वही मांडीवर घेतली, मुरूम, काळा, लाल, पाणी, सगळं माझ्या अक्षरात लिहिलं, आणि जागेपुढं पावलं न लिहिता फूट लिहिले. सत्तावन्न, उगवतीला.