गेरू उडेपर्यंत

"तोंड बघून सोयरीक करत्यात भाऊ, मेंढी नाय," असं म्हणून बाबा मेंढीच्या मागे उकिडवे बसायचे, डोळे मिटायचे आणि कासेखाली हात घालायचे. आठवडे बाजारात एवढा कालवा, आणि हा म्हातारा गाभाऱ्यात बसल्यासारखा गप्प. विकणाऱ्याला घाम फुटायचा. मग एक तर बाबा धोतराला हात पुसून पुढे चालू लागायचे, नाहीतर बंडीच्या खिशातून गेरूचा खडा काढून पाण्यात बुडवायचे आणि मेंढीच्या पाठीपासून कुशीपर्यंत जाड पट्टा ओढायचे. पट्टा ओढला की विषय संपला.

आमचा सगळा गाव त्यांना बाबाच म्हणायचा. सिन्नरच्या बाजारात तुमचं जाणं असेल तर तुम्हीही त्यांना पाहिलं असेल. विटका पटका, सुतळीने बांधलेली चष्म्याची काडी. मेंढ्या घ्यायच्या म्हटलं की दिंडोरी-लासलगावकडची माणसंसुद्धा त्यांना जीपमध्ये पुढच्या सीटवर बसवून न्यायची. गुडघे गेल्यावर त्यांनी स्वतःचा कळप विकला होता. उरला होता तो हात, आणि त्या हाताचं नाव.

मी कंपनी बंद पडल्यावर घरी बसलेला माणूस. मोबाईलवर व्हिडिओ बघून शहाणा झालेला. कोकरं विकायची तर मेंढी संकरित हवी, एवढं पाठ. दख्खनी माय, माडग्याळ बाप. माय काटक, बाप उंच, कोकरू भराभर वाढणार! बाबांना सोबत नेलं त्या पहिल्याच बाजारात एका उंच, बाकदार नाकाच्या मेंढीवर माझा जीव जडला. बाबांनी कास चाचपली.

"एका थानात गाठ हाय. जुळी झाली तर एक उपाशी मरंल."

"पण उंची बघा ना, बाबा."

"उंचीच पायजे तर उंटीण घे."

आजूबाजूचे हसले. मी चिडलो, पण मेंढी सोडली.

दात, खूर, चाल, सगळं बघून झालं की त्यांची एक शेवटची परीक्षा असायची. मेंढीचं कोकरू उचलायचं आणि सरळ चालू पडायचं. काही मेंढ्या ढिम्म उभ्या राहायच्या. एखादी मात्र गर्दीतून, माणसांच्या पायांतून ओरडत मागे यायची. "जी मागं येती ती माय," बाबा म्हणायचे. एकदा कोकरू खाली ठेवता ठेवता हळूच म्हणाले, "आमची घरधनीन बी अशीच व्हती. मी रानात पुढं, ती लेकराला घेऊन मागं." ती जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. एवढं बोलून ते पुढच्या मेंढीकडे वळले.

नव्या मेंढ्यांना ते पाहुण्या म्हणायचे. "पाहुणी ओसरीवर. गेरू उडंस्तवर घरच्यांच्या कुशीला घ्यायची नाय. आजार घेऊन आली असंल तर तवर कळतं." तो पट्टा उडायला तीन-चार आठवडे लागायचे. तोवर पाहुण्यांचा कुंपणाचा वाडा वेगळा, पाणी वेगळं. दोन वर्षं मी हे अक्षरशः पाळलं आणि माझा कळप वाढला.

तिसऱ्या वर्षी बाबांनी मला आणखी बारा मेंढ्या निवडून दिल्या आणि ते मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी लेकीच्या गावी गेले. मी एका ओळखीच्याकडून जातिवंत मेंढा आणला होता. तो आठ दिवसांत परत करायचा होता. जुन्या मेंढ्या माजावर, नव्याही माजावर. दोन वाड्यांत एक मेंढा कसा पुरवू? अहो, धडधाकट दिसत होत्या सगळ्या. पाहुण्या आल्याच्या नवव्या दिवशी मी मधलं फाटक उघडलं.

पुढच्या आठवड्यात शेंबूड, मग तोंडात फोड, मग जुलाब. मेंढा दाखवलेल्या मेंढ्या पाय ताणून पडू लागल्या. शेजारच्या दोन घरांच्या शेळ्याही माझ्याच मेंढ्यांबरोबर चरायच्या, त्यांनाही लागण झाली. एका म्हातारीच्या तर दोनच शेळ्या होत्या, त्या दोन्ही गेल्या. डॉक्टरांनी सगळ्यांदेखत विचारलं, "नवीन मेंढ्या वेगळ्या ठेवल्या होत्या ना?"

"हो," मी म्हणालो.

बस. एवढ्या एका शब्दावर गावाने निकाल दिला. वेगळ्या ठेवूनही आजार आला, म्हणजे निवडच चुकली. म्हाताऱ्याने आजारी मेंढ्या गळ्यात मारल्या. "डोळं करायला गेला अन् हात घालवून आला," असा विनोदही निघाला. मीही हसलो असेन. आठवायला नको वाटतं.

बाबा परत आले ते सरळ माझ्या वाड्यावर. नव्या काचांचा चष्मा, डोळे लाल. वाड्यात वाचलेल्या सात-आठ जुन्या मेंढ्या उभ्या होत्या.

"पाहुण्या कवा आत घेतल्या?"

"गेरू उडाल्यावर, बाबा."

ते एका जुन्या मेंढीजवळ बसले. ही घरचीच, तिला गेरू कधी लागलाच नव्हता. त्यांनी तिच्या कुशीवरून हात फिरवला. लोकरीत तांबूस डाग होते, दाटीत पाहुण्यांना घासून लागलेले. त्यांनी तळहात बघितला. बराच वेळ बघितला. मग धोतराला पुसला.

बाहेर शेजारी जमले होते. ती दोन शेळ्यांची म्हातारी पुढे होती. बाबांनी तिच्यापुढे हात जोडले. "माय, माझाच हात चुकला," म्हणाले.

मी शेजारी उभा होतो. तोंड उघडलं नाही. शेजाऱ्यांनी मला वस्तीत उभं केलं नसतं, ही भीती होती. पण तीही आता सबबच वाटते.

त्यानंतर त्यांच्या दारात जीप थांबली नाही. बाजाराच्या दिवशी ते पटका बांधून, तयार होऊन उंबऱ्यावर बसायचे, आणि ऊन वर आलं की पटका सोडून ठेवायचे. मी त्यांना दूध नेऊन द्यायचो. ते घ्यायचे. कोकरांची चौकशी करायचे. तो विषय त्यांनी एकदाही काढला नाही, आणि मी रोज उद्यावर ढकलला. दुसऱ्या हिवाळ्यात ते गेले.

दहाव्याला त्यांच्या लेकीने मला आत बोलावलं. हातावर गेरूचा खडा ठेवला, एका बाजूने झिजलेला.

"बाबांनी तुम्हाला द्यायला सांगितलंय. म्हणले, भाऊला सांग, हा उडंस्तवर थांबत जा म्हणावं." ती माझ्याकडे बघत राहिली. "मला काय समजलं नाय. तुम्हाला समजंल म्हणले."

मी खडा मुठीत घेऊन बाहेर आलो. लिंबाखाली माणसं बसली होती, ती म्हातारीही होती. कुणीतरी म्हणत होतं, "माणूस देवाचा, पण शेवटाला हात चुकला बघा."

मला बसायला जागा करून दिली. मी बसलो. सगळे उठून गेल्यावर मूठ उघडली, तर घामाने गेरू विरघळून तळहात लालभडक झाला होता.