नोएलचे चिपवाले शेअर

मरोळच्या गावठाणात नोएल मिरांडाचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. पंचवीस वर्षं त्याने गेम खेळणाऱ्या पोरांच्या मशिनी उघडल्या आणि आत बहुतेक वेळा एकाच कंपनीचं ग्राफिक्स कार्ड बघितलं. सहा वर्षांपूर्वी विम्याची पॉलिसी पिकली, तेव्हा तो बायकोला म्हणाला, "ग्रेस, मी या कंपनीचे शेअर घेतो. तिचा माल मला ठाऊक आहे." रीतसर बँकेतून डॉलर पाठवून त्याने अमेरिकेतले ते शेअर घेतले. पुढे त्याच कंपनीच्या चिपांवर एआय चालायला लागलं आणि पैसे आठपट झाले.

पैसा वाढला तसा नोएलचा जीव त्यात अडकला. संध्याकाळी सातला तिकडचा बाजार उघडायचा, नेमकी घरात रोझरीच्या प्रार्थनेची वेळ. एका हातात मणी, दुसऱ्या हातात फोन. ग्रेसचा गुडघा पार झिजला होता, डॉक्टरांनी बदलायलाच सांगितला होता. पण "भाव आणखी चढू दे" म्हणता म्हणता वर्ष गेलं. ती भिंत धरून चालायची आणि घरातली कामं उरकायची.

यंदा दुकानात वारं फिरलं. एका कॉलेजने वीस मशिनींची ऑर्डर दिली, तीही दुसऱ्या कंपनीच्या कार्डांची. त्या कार्डांचं काम तेवढंच, दाम कमी. पहिल्या कंपनीची मोठी मोठी गिऱ्हाइकं आता स्वतःच चिपा बनवणार, अशाही बातम्या येऊ लागल्या. भाव तीन दिवस घसरला.

पुतण्या लॉईड म्हणाला, "अंकल, आता विकू नको. हा घोडा लांब पळणार."

"पळेल रे. पण शर्यतीत आता दुसरे घोडेही उतरलेत."

त्याच संध्याकाळी ग्रेस पायरी उतरताना मटकन खाली बसली. लागलं नाही, पण नोएलने उठवलं तेव्हा तिला त्या पायावर भारच देता येईना.

"एवढं दुखतं, तर सांगितलं का नाहीस?"

"तू घरात होतास कुठे?" ती शांतपणे म्हणाली. "फोनात होतास."

दुसऱ्या दिवशी त्याने बारा आणे शेअर विकून टाकले.

तीन आठवड्यांनी भाव पुन्हा उसळला. लॉईडने फोन करून आकडा ऐकवला. आता आपल्याला पस्तावा होणार, असं नोएलला वाटलं. झाला नाही. तो ऑपरेशन थिएटरबाहेर बसला होता आणि सगळं नीट झाल्याचं डॉक्टर नुकतेच सांगून गेले होते.

आता ग्रेस काठीशिवाय मासळी बाजारात जाते आणि बोंबलांच्या वाट्यावरून कोळणीशी पूर्वीसारखी हुज्जत घालते. उरलेल्यातले थोडे शेअर विकून नोएलने त्या दुसऱ्या कंपनीचे घेतले. भाव महिन्यातून एकदा बघतो. शेवटी जिंकणार कोण, असं लॉईड अजून विचारतो.

"मला नाही माहीत," नोएल सांगतो, आणि सांगताना त्याला फार हलकं वाटतं.