दुपारच्या झोपेसाठी एक सायलेन्सर

पुंगीमामांचं खरं नाव गॅरेजात कुणाला आठवत नसे. गाड्यांचे सायलेन्सर कापण्यात, जोडण्यात त्यांचा जन्म गेला. हातात सदान्‌कदा एखादी वाकवलेली नळी. कुणीतरी कधीतरी पुंगीमामा म्हटलं आणि तेच चिकटलं. साठी जवळ आली होती. दिवसभर गाडीखाली उताणं पडून वर बघत काम करायचं, गंजाचा भुगा डोळ्यांत, वेल्डिंगचा धूर छातीत. संध्याकाळी घरी आले की बूट काढायचंही जिवावर येई. बायको म्हणायची, "अहो, बसल्या जागी झोपू नका, मान अवघडेल." तोवर ती अवघडलेली असायची.

त्यांना नाद एकच. रविवारी दुपारी गावाबाहेरच्या मैदानावर पेट्रोलवर चालणारं छोटं विमान उडवायचं. छोटं म्हणजे पंख धरून माणसाएवढं. रिमोट हातात घेऊन उभं राहायचं, आणि विमान ढगाखाली गेलं की आठवडाभराचा शीण थोडा वेळ अंगावरून उतरायचा. तिथे जमणारी मंडळी थोडीच. त्यांचा पुढारी औषधाच्या दुकानाचा मालक. त्याला सगळे केमिस्टच म्हणत. सकाळी मैदान शाळांच्या फुटबॉलला दिलेलं असे, म्हणून विमानवाल्यांच्या वाट्याला दुपारच आली होती.

मैदानाच्या कडेला एक पिवळं घर होतं. त्या घरातून तक्रार गेली. नगरपालिकेचा माणूस आला आणि सांगून गेला, "आवाज कमी करा, नाहीतर मैदानाला कुलूप लागेल."

तो गेल्यावर सगळ्यांच्या माना एकदमच पुंगीमामांकडे वळल्या.

"माझ्याकडे काय बघता?" मामा म्हणाले. "सहा दिवस मी दुसरं करतो काय? सातव्या दिवशीही सायलेन्सरच?"

"मामा, तुमच्याशिवाय कुणाला जमणार?" केमिस्ट म्हणाला.

हरभऱ्याच्या झाडावर चढवतोय हे मामांना कळत होतं. पण नाही म्हणायलाही अंगात जोर लागतो, आणि तो त्यांच्याकडे शिल्लक नव्हता.

पहिला प्रयत्न त्यांनी कंटाळूनच केला. केमिस्टच्या विमानाच्या इंजिनाला सायलेन्सरचा जो लहानसा डबा होता, त्याचं धूर सोडायचं भोक बुजवून अर्ध्यावर आणलं. आवाज बसला खरा. पण धुराला वाट मिळेना, इंजिन तापलं, आणि आकाशात असतानाच गप्प झालं. विमान नाक खाली करून झुडपात शिरलं. पंखाचे तुकडे गोळा करताना केमिस्ट म्हणाला, "आवाज अगदी बंद केलात हो, मामा." त्यावर बाकीचे हसले. मामांना हसू आलं नाही. आपण चालढकल केली हे त्यांना ठाऊक होतं. गाडीवाल्याला त्यांनी असलं काम कधी करून दिलं नसतं.

मग त्यांनी नीट मनावर घेतलं. काम संपल्यावर गॅरेजात थांबू लागले. पातळ पोलादी पत्र्याचा, पहिल्याच्या तिप्पट मोठा डबा केला. डबा मोठा असला की इंजिनाचा धक्का आतल्या आत पसरतो आणि बाहेर दमून पडतो. आत एक आडवी भिंत घातली, तिच्यातून भोकं पाडलेली नळी नेली. इंजिन आणि डबा यांच्यामध्ये उष्णता सोसणारी रबरी नळी बसवली, नाहीतर थरथरीने सगळे जोड तडकले असते. केमिस्टचं विमान तोवर दुरुस्त झालं होतं, त्यावर डबा चढला. मैदानात उभं राहून सगळ्यांनी कान दिला. फटफटाट गेला होता. मामांच्या पाठीवर थापा पडल्या, आणि हळूहळू तसेच डबे बाकीच्यांच्या विमानांवरही चढले.

त्यानंतरच्या रविवारी सगळे मैदानावर पोचतात तोच कळलं, पुन्हा तक्रार.

मामांचा पारा चढला. हातातलं ठेवून ते तरातरा पिवळ्या घराकडे निघाले. काय काय सुनवायचं ते वाटेत जुळवत गेले. दार उघडलं ते एका बाईने. चाळिशी उलटलेली, केस कसेबसे बांधलेले, ब्लाउजची बाही ओली. डोळ्यांखाली इतकं काळं, की मामा जुळवलेलं सगळं विसरले.

"ताई, मी त्या विमानवाल्यांपैकी," एवढंच ते म्हणाले.

"या," ती म्हणाली. भांडायचं त्राण तिच्यातही नव्हतं.

पुढच्या खोलीतच पलंग होता. पलंगावर तिचा नवरा. पूर्वी लांब पल्ल्याची बस चालवायचा. आता कमरेखालचं अंग गेलेलं. उशाशी औषधं, पाण्याचा तांब्या, घडी केलेल्या चादरींची चळत. खिडकी थेट मैदानावर उघडत होती.

बाई चहा टाकायला आत गेली तसा नवरा हळूच म्हणाला, "मामा, मला तुमची विमानं आवडतात. दिवसभर बघण्यासारखं दुसरं आहे काय? पण तिला रात्री झोप नाही. दर थोड्या वेळाने मला कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. दुपारी माझी बहीण येते, तेव्हा हिचा डोळा लागतो. रोज बहिणीला जमतं असंही नाही. रविवारी मात्र नक्की येते, आताही येतच असेल."

"आणि रविवारी आम्ही," मामा म्हणाले.

"हो ना."

मामांनी खिशातून फोन काढला आणि केमिस्टला विमान उडवायला सांगितलं. स्वतः खुर्ची ओढून कान देऊन बसले. मैदानात जे ऐकू येत नव्हतं ते या खोलीत ऐकू येत होतं. इंजिन गप्प होतं, पण पुढचा पंखा भिंगरीसारखा किंचाळत होता, आणि विमान घरावरून वळलं की खिडकीची काच थरथरून गुणगुणायची. दातदुखीसारखा आवाज. हा सायलेन्सरच्या बापालाही आवरणारा नव्हता.

"पंखा बदलायला हवा," ते स्वतःशीच म्हणाले.

त्यांनी लांब पात्याचा, सावकाश फिरणारा पंखा घेतला. इंजिनाखाली रबराच्या चकत्या घातल्या, म्हणजे थरथर विमानाच्या पोकळ अंगात शिरून ढोल वाजणार नाही. धुराची नळी खाली, जमिनीकडे वळवली. हे सगळं आधी स्वतःच्या विमानावर केलं, मग एकेकाच्या. विमानं जड झाली, वेग गेला. कोलांट्या मारायचं तर नावच नको.

"मामा, हे विमान आहे की बैलगाडी?" एकाने विचारलं.

"बैलगाडीच. नको असेल तर मैदानाला कुलूप आहेच."

दोघेजण रागावून येईनासे झाले. मामांना वाईट वाटलं, पण समजूत घालायला ते कुणाच्या दारी गेले नाहीत. तेवढी ताकद नव्हती.

सगळ्यांचं काम उरकल्यावरच्या रविवारी ते पुन्हा पिवळ्या घरी जाऊन बसले. नणंद पलंगाजवळ बसली होती. बाई आतल्या खोलीत जायच्याऐवजी तिथेच आरामखुर्चीत टेकली. "मलाही ऐकू दे, काय केलंय ते," म्हणाली. केमिस्टने विमान सोडलं. वाटाण्याएवढा ठिपका आकाशात फिरू लागला. खिडकीची काच हलली नाही. लांब कुणीतरी शिवणयंत्र चालवावं तेवढाच आवाज. बाईची मान हळूहळू कलली. नवऱ्याने ओठांवर बोट ठेवलं.

थोड्या वेळाने मामांच्या खिशातला फोन थरथरला. ते दचकले.

"मामा, काय झालं? ऐकू येत होतं का?" केमिस्ट विचारत होता. "केव्हाचं उतरवलंय मी!"

मामांनी डोळे चोळले. समोर बाई झोपलेलीच होती, तोंड किंचित उघडं. नवरा आणि नणंद दोघं त्यांच्याकडे बघून हसू दाबत होते.

"काय माहीत," ते कुजबुजले. "माझाही डोळा लागला होता."

तक्रार मागे घेतली गेली. मैदान राहिलं. त्या वर्षी थंडी सरता सरता बाईचा नवरा गेला. मामा भेटायला गेले तेव्हा पलंग काढलेला होता आणि खोली एकदम मोठी दिसत होती.

"आता रात्रभर मोकळीच असते," बाई म्हणाली. "पण झोप येत नाही, दादा. दर थोड्या वेळाने जाग येते. उठते, आणि मग आठवतं."

मामांनी मान हलवली. बाहेरून न येणाऱ्या असल्या आवाजावर काय करायचं ते त्यांना कुठे माहीत होतं? चहा घेतला, कप स्वतःच विसळून ठेवला आणि निघाले.

मैदानावर काहींनी एव्हाना जुने हलके डबे परत चढवले होते. "आता तिथं कुणाला त्रास आहे?" असं त्यांचं म्हणणं. मामा कुणाशी वाद घालत बसले नाहीत. स्वतःचं विमान मात्र त्यांनी तसंच ठेवलं. ते सावकाश वर गेलं, सावकाश वळलं, आणि पाठ दुखायला लागली तसं त्यांनी ते खाली आणलं.