गावाला इचारलं का?

आमच्या भागातल्या महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेची बैठक महिन्याच्या पहिल्या शनिवारी विष्णुपुरीत, विद्यापीठाच्या एका खोलीत असायची. कंधारच्या कॉलेजातले शिपाई मामा मागच्या बाकावर बसायचे. गावातल्या शिबिराच्या कामांची माझी यादी वाचून झाली की त्यांचा एकच प्रश्न : "म्याडम, गावाला इचारलं का?" सगळे हसायचे. मी "विचारू" म्हणायची.

यंदा वेळ वाचावा म्हणून बैठक मोबाईलवर घेतली. मामांकडे साधा फोन. त्यांना कळवायचं राहूनच गेलं. शिबिराच्या गावी पोचलो तर निम्म्या घरांना कुलपं. माणसं ऊसतोडीला गेलेली. विष्णुपुरीच्या वॉचमननं नंतर सांगितलं, मामा गावाला विचारून आले होते आणि त्या शनिवारी बैठकीच्या बंद खोलीपुढे दुपारभर बसले होते.

पुढची बैठक पुन्हा विष्णुपुरीतच घेतली आणि मी तो प्रश्न यादीत पहिला घातला. यादी वाचून मामांकडे पाहिलं.

"आता यादीतच हाय की म्याडम," म्हणाले, आणि पाण्याचा जग भरायला उठले.