सील लावलेला डबा

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. अमावस्या पाळली नाही, गंडा-दोरा बांधला नाही... म्हणूनच हे लिहायला इतकी वर्षं लागली असावीत.

एकाहत्तरचं युद्ध चालू होतं. मी उदगीर स्टेशनच्या मालधक्क्यावर क्लार्क होतो. लातूर जिल्हा अजून व्हायचा होता, उदगीर तेव्हा उस्मानाबादेत. पावसानं पाठ फिरवलेली, गावची जनावरं झाडाचा पाला चघळत होती – आणि आम्ही लष्कराच्या खेचरांसाठी गवताच्या गाठी गाडीत भरत होतो. एक मिनिट उशीर चालणार नाही, असा वरून हुकूम.

हमालांचे मुकादम किसनमामा. त्यांचा एकुलता एक रतन फौजेत, सरहद्दीवर. बरेच दिवस पत्र नव्हतं.

दुपारी तीनच्या सुमारास शेवटचा डबा भरला. मी समोर उभा होतो. छतापर्यंत गाठी, हात घालायला जागा नाही. दार ओढलं, कडी घातली, मी सील ठोकलं. मामा दाराला पाठ लावून बसले... आणि एकदम उठले.

"बाबूसाहेब, आत कोणीतरी हाय."

"कोण असणार? तुम्हीच भरलात ना?"

"माझा रतन हाय. पाणी मागायलाय."

काळजीनं डोकं फिरलंय, असं वाटलं. त्यांची समजूत काढायला म्हणून मी दाराला कान लावला. अगदी पलीकडून, घोगरा, दमलेला आवाज – "बा... पाणी." पुन्हा एकदा – "बा..."

"सील तोडा," मामांनी हात जोडले.

लष्कराची गाडी, सिग्नल पडलेला, माझी नोकरी नवी. "नाही जमत, मामा," एवढंच मी म्हणालो.

त्यांनी वाद घातला नाही. घागर आणली आणि दाराच्या फटीतून ओंजळीनं पाणी सोडू लागले. "घे लेकरा, हळू पी." आत गेलेल्या पाण्याचा एक थेंब खाली आला नाही. गाडी हलली. धक्का संपेपर्यंत मामा डब्याला हात लावून चालत राहिले.

चौथ्या दिवशी तार आली. रतन गेला होता. त्याच दुपारी.

पुढे त्याच्या तुकडीतला औशाचा एक जवान घरी भेटायला आला. मीही तिथं होतो.

"खंदक ढासळला, मामा," तो म्हणाला. "रतन खाली गाडला गेलता. आवाज यायचा, पर हात पोचत न्हवता. सारखा पाणी मागायचा. मग म्हणला, बा आलाय, बानं पाणी पाजलं. पुन्हा मागितलं न्हाई."

"आणखी काय म्हणला?"

"बा, दार उघड, म्हणला. लई वेळ तेच म्हणत होता. तिथं कुठलं दार, मामा?"

मामांनी माझ्याकडं पाहिलं नाही. त्या दिवसाबद्दल पुढे कधी एक शब्द बोलले नाहीत. मला शेवटपर्यंत बाबूसाहेबच म्हणत राहिले.

डब्यात काय होतं, मला आजही सांगता येत नाही. गवतच होतं, असं मी स्वतःला समजावतो... पण उघडून मी पाहिलं नाही.